अन्नपूर्णा बेस कॅम्प: ऑफिसला अडीच तारे, दाइला पाच

आम्ही चौघी एप्रिलमध्ये नेपाळला जाऊन अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक करून आलो. नेमकं सांगायचं तर तिघींनी पूर्ण केला, चौथीचे शेवटचे ४३० मीटर राहिले. परत आल्यापासून गोव्यात फोंड्यातल्या माझ्या फार्मसीत येणारी माणसं डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करायच्या आधी तेच विचारतात. कुणाकडून गेलात, पैसे किती पडले, बायकाबायकांनी जाण्यासारखं आहे का. काउंटरवर उभ्याउभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

पोखऱ्यातल्या एका एजन्सीकडून आम्ही गाइड आणि दोन पोर्टर घेतले होते. हा रिव्ह्यू त्या सेवेचा आहे. एजन्सीचं नाव लिहीत नाही. तक्रारी मी त्यांच्या टेबलासमोर बसून सांगितल्या आहेत आणि त्यातल्या काही त्यांनी निस्तरल्याही. तारे द्यायचेच तर ऑफिसला अडीच आणि गाइडला पाच. बिल एकच येतं, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सात दिवसांत पुरतं कळलं.

चौघी म्हणजे मी, माझी नणंद, माई आणि मॅनेजर. नणंद शाळेत शिकवते. माई मार्दोळला खानावळ चालवते, वय ५६, आमच्यात सगळ्यात मोठी आणि चालायला सगळ्यात दणकट. मॅनेजर बँकेत मॅनेजर आहे, म्हणून लग्नाआधीपासूनची मैत्रीण असूनही आम्ही तिला त्याच नावाने हाक मारतो. तिचं मार्च क्लोजिंग संपल्याशिवाय सुट्टी मिळत नाही, म्हणून एप्रिलचा दुसरा आठवडा ठरला. बेत मूळचा तिचाच. दोन वर्षं तिने त्यासाठी आरडी भरली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते तिच्याच बाबतीत झालं.

आम्ही सगळ्या समुद्रसपाटीच्या. गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर सत्तरीतला सोसोगड, तोही हजार मीटरच्या थोडासाच वर. बेस कॅम्प ४,१३० मीटरवर. जानेवारीपासून दर रविवारी पहाटे बोरीच्या सिद्धनाथ डोंगरावर पाठीला पाण्याच्या बाटल्या बांधून चढलो. त्याने गुडघे तयार झाले, दम वाढला. विरळ हवेची सवय मात्र घरी राहून होत नाही, ती तिथे वर जाऊन, थांबत थांबतच करावी लागते. हे मला पुस्तकातून माहीत होतं.

पैशांचं आधी सांगते. नेपाळी रुपया आपल्या रुपयाला बांधलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. गाइडचे दिवसाला ३,५०० नेपाळी आणि पोर्टरचे प्रत्येकी २,५०० ठरले. सात दिवसांचे तिघांचे मिळून ५९,५०० झाले, म्हणजे आपले ३७ हजारांच्या जरा वर, चौघींत वाटून प्रत्येकी साडेनऊ हजारांच्या आत. जीप, लॉज आणि जेवण त्याच्या बाहेर. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या लोकांना १,००० नेपाळी, बाकीच्या परदेशी लोकांना ३,०००. आपल्याला व्हिसा लागत नाही. परदेशी ट्रेकरांनी परवानाधारक गाइड घेतला पाहिजे असा नियम नेपाळने एप्रिल २०२३ पासून केला आहे. नियम नसता तरी मी गाइड घेतला असता आणि आता तर कुणी पैसे वाचवायला तसंच जायचं म्हणालं तर मी त्याला काउंटरच्या आत बसवून समजावीन.

गरम कपडे आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. डिसेंबरातली पहाट सोडली तर गोव्यात स्वेटर ट्रंकेतून बाहेर येत नाही. पोखऱ्याला फेवा तळ्याच्या काठी लेकसाइड म्हणून बाजार आहे, तिथे पिसांची जाकिटं आणि स्लीपिंग बॅगा दिवसाच्या भाड्याने मिळतात. घेताना चेन वरपासून खालपर्यंत लावून बघा आणि बॅगेत नाक घालून वास घ्या. बाकी काही अडत नाही.

आता ऑफिस. फोनवर त्यांनी झिनुपर्यंत, म्हणजे चालणं सुरू होतं त्या गावापर्यंत, आमच्या चौघींसाठी स्वतंत्र जीप कबूल केली होती. सकाळी जीप आली ती आत पाच माणसं बसवूनच. कच्च्या रस्त्यावरून चार तास, माईच्या मांडीवर कुणाची तरी पिशवी, नणंदेचा खांदा दाराच्या हँडलला. मॅनेजरने व्हॉट्सॲपवरचा मेसेज जपून ठेवला होता, तो परत आल्यावर दाखवला तेव्हा त्यांनी २,००० नेपाळी परत दिले. लॉजवर सगळीकडे अटॅच बाथरूम आणि गरम पाणी मिळेल असंही सांगितलं होतं. छोमरोंगच्या वर तसं काही नसतं. खोलीत दोन किंवा चार बाकडी, त्यावर गाद्या, संडास बाहेर अंगणापलीकडे, गरम पाण्याची बादली वेगळे पैसे मोजून. डोंगरात ते तसंच असणार आणि आमची त्याबद्दल काही तक्रार नाही. खोटं सांगून नेलं ही तक्रार.

खरा संताप आला तो बुटांवरून. दोन पोर्टरांपैकी धाकटा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या पायात कापडी बूट, उजव्या बुटाचा तळ पुढून सुटलेला आणि पांढऱ्या जाड दोऱ्याने टाचून बसवलेला. टाके समान अंतरावर होते, त्याने स्वतः बसून घातलेले असणार. आमच्या दोघींचं मिळून वीस किलो सामान घेऊन हा मुलगा बर्फात जाणार होता. ऑफिसातला माणूस म्हणाला, "मॅडम, इनको आदत है." माईने आपली पिशवी जीपच्या टपावरून खाली उतरवली आणि त्या मुलाच्या शेजारी पायरीवर बसली. म्हणाली, याच्या पायात बूट चढल्याशिवाय माझी पिशवी वर चढणार नाही. अर्धा तास गेला. शेवटी भाड्याच्या दुकानातून त्याच्या मापाचे बूट आणि एक जाकीट आलं, भाडं अर्धं ऑफिसने दिलं आणि अर्धं आम्ही. तुम्ही कुठल्याही एजन्सीकडून जा, निघायच्या सकाळी पोर्टरच्या पायांकडे बघा. आणि त्यांच्या विम्याचा कागद मागा. आमच्या ऑफिसने तो विनातक्रार दाखवला, अडीच तारे त्यातून आले आहेत.

गाइड आम्हाला त्या पायरीवरच पहिल्यांदा भेटला. वय पंचेचाळिशीचं, गुरुंग समाजाचा, घर घांद्रुकच्या बाजूला. नेपाळीत थोरल्या भावाला दाइ म्हणतात, तेव्हा पहिल्या तासापासून तो आमचा दाइ. माई त्याच्याहून मोठी, तरी तीही दाइच म्हणायची आणि तो आम्हा सगळ्यांना दिदी. बुटांवरून चाललेल्या वादात तो एक शब्द बोलला नाही. पण जीपमध्ये बसल्यावर त्याने माईला आपली खिडकीची जागा दिली.

वाट थोडक्यात सांगते. झिनुला मोदी नदीवर २८७ मीटर लांबीचा झुलता पूल आहे, तो ओलांडून पहिल्या दिवशी छोमरोंग, २,१७० मीटर. दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरून नदीपर्यंत आणि समोर तेवढंच चढून सिनुवा, मग बांबूच्या रानातून डोभान. तिसऱ्या दिवशी देउराली, ३,२३०. चौथ्या दिवशी माछापुच्छ्रे बेस कॅम्प, ३,७००. पाचव्या पहाटे अन्नपूर्णा बेस कॅम्प आणि लगेच खाली. छोमरोंगच्या पायऱ्या जाताना उतरायच्या असतात म्हणून कुणी मोजत नाही. येताना सहाव्या दिवशी त्याच चढाव्या लागतात, तेव्हा आठवण ठेवा.

मराठी माणसाला या वाटेवर एक मोठं सुख आहे. पाट्या वाचता येतात. सगळं देवनागरीत. दुकानाची पाटी, पुलाच्या खांबावर लिहिलेलं, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, नणंद तर प्रत्येक पाटीपुढे थांबून मोठ्याने वाचायची आणि अर्थ लावायची. चिसो म्हणजे थंड, हिउँ म्हणजे बर्फ, भोलि म्हणजे उद्या. बिस्तारै म्हणजे सावकाश, हा शब्द दाइ दिवसातून शंभरदा उच्चारायचा. आणि हुँदैन. म्हणजे होणार नाही, चालणार नाही. तो शब्द तो फार कमी वेळा आणि अगदी हळू आवाजात म्हणायचा.

पहिलं हुँदैन माईला मिळालं. तिने गोव्याहून डब्यात सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी नेली होती, रोज डाळभाताबरोबर थोडी किसमूर, म्हणजे आमची सुक्या सुंगटांची कोशिंबीर, करायची म्हणून. छोमरोंगला रात्री लॉजच्या स्वयंपाकघरात डबा उघडला तशी दाइने सांगितलं की इथून पुढे मांस न्यायचं नाही. वरचं खोरं देवाचं आहे, गुरुंगांची जुनी रीत आहे, वरच्या लॉजांवर कोंबडीसुद्धा शिजत नाही. माईने एका शब्दाने वाद घातला नाही. श्रावण आणि चवथ म्हणजे गणेशचतुर्थी पाळणारं घर तिचं, तिला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. डबा लॉजवाल्या दिदीच्या हातात दिला, परत येताना घेते म्हणाली. तिसऱ्या दिवशी डोभानच्या पुढे जंगलात वाटेवर एक लहानसं देऊळ लागलं, तिथे तिने हात जोडून चक्क गाऱ्हाणं घातलं, आमच्या गावातल्या देवळात घालतात तसं, चौघींची नावं आणि दोन्ही पोर्टरांची नावं घेऊन. "व्हय म्हाराजा" म्हणायला आम्ही तिघी होतो. दाइ टोपी काढून मागे उभा राहिला.

त्याची वही. आता तिच्याबद्दल सांगते, कारण माझ्या मते या सेवेतली सगळ्यात मोलाची वस्तू ती होती. चाळीस पानी शाळेची वही, कोपरे दुमडलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेली. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी तो ती काढायचा. प्रत्येकीचं बोट ऑक्सिमीटरमध्ये घालून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा लिहायचा, नाडी लिहायचा, आणि मग तीन रकाने: टाउको, खाना, निद्रा. खाना आणि निद्रा आम्हाला वाचता आलं. टाउको म्हणजे डोकं. डोकं दुखतंय का, किती जेवली, झोप लागली का. उत्तर ऐकून तो लगेच लिहायचा नाही. जेवताना आमच्या ताटांकडे बघायचा आणि मग लिहायचा. देउरालीला मॅनेजर म्हणाली, जेवले पोटभर. त्याने ताटात उरलेला भात पाहिला आणि अर्धा असं लिहिलं.

मी पंचवीस वर्षं औषधं विकते आहे. उंचीच्या त्रासावर अ‍ॅसिटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स देतात, मी डॉक्टरांना विचारून आम्हा तिघींना सुरू केली होती. मॅनेजरला दिली नाही. तिला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे आणि डायमॉक्स त्याच कुळातली, डॉक्टर नकोच म्हणाले. तेव्हा ती गोळीविना चालत होती. हे मी दाइला पोखऱ्यातच सांगितलं होतं आणि त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. ज्यांच्याबरोबर जाल त्यांना आपल्या अ‍ॅलर्जी आणि चालू औषधं आधीच सांगा, लाजू नका.

देउरालीला तिसऱ्या रात्री दाइ म्हणाला, उद्या चारला उठायचं, पाचच्या आत वाटेला लागायचं. नणंदेने विचारलं, दोन-तीन तासांचीच तर चाल आहे, इतकी घाई कशाला? तेव्हा त्याने सांगितलं. १७ जानेवारी २०२० ला देउराली आणि हिंकु गुफेच्या दरम्यान हिमस्खलन झालं, त्यात सात माणसं गेली, दक्षिण कोरियाचे चार शिक्षक आणि तीन नेपाळी. त्या वाटेवरून चालताना वर साठलेला बर्फ दिसत नाही. तो कड्याच्या माथ्यामागे असतो. रात्री तो घट्ट गोठलेला राहतो, ऊन लागलं की सैल होतो. देउरालीच्या वरची वाटही तशीच, म्हणून ऊन यायच्या आत तो पट्टा मागे टाकायचा. शिक्षक हा शब्द ऐकून नणंद गप्प झाली. सकाळी आम्ही दोघींमध्ये वीस पावलांचं अंतर ठेवून चाललो, न थांबता, फोन खिशात. वाटेत दोन ठिकाणी जुन्या स्खलनाचा मळलेला बर्फ आडवा पडला होता, त्यात फांद्या आणि दगड रुतलेले. धाकटा पोर्टर माझ्या पुढे होता. त्याच्या भाड्याच्या बुटांचे ठसे बर्फात अगदी स्वच्छ उमटत होते आणि मी त्यांतच पाय टाकत गेले.

माछापुच्छ्रे बेस कॅम्पला साडेसातला पोहोचलो. माछापुच्छ्रे म्हणजे माशाची शेपटी. पोखऱ्यातून हे शिखर त्रिकोणी दिसतं, इथून मान वर केली की शेपटीची दोन टोकं दिसतात, अगदी बाजारातल्या इसवणाची, म्हणजे सुरमईची. उंची ६,९९३ मीटर, पवित्र मानलेलं, चढायला बंदी. १९५७ साली एक ब्रिटिश तुकडी माथ्याच्या अगदी जवळ पोहोचून, दिलेल्या शब्दाखातर शेवटचा टप्पा न चढता परतली होती. मॅनेजर त्या शेपटीकडे बघत दगडावर किती वेळ बसली होती कोण जाणे. तेव्हा ती बरी होती.

दुपारी ढग खाली आले आणि गारा, मग बर्फ. चारच्या सुमारास ती डोकं धरून बसली. संध्याकाळी वहीत माझा आकडा ८६, नणंदेचा ८४, माईचा ८८. मॅनेजरचा ७७ आणि नाडी ११४. सूप घेतलं ते उलटून पडलं. मी पॅरासिटामॉलची पट्टी काढली. दाइने माझ्या हातावर हात ठेवला नाही की काही नाही, नुसतं म्हणाला, "दिदी, आधी मला बघू दे. गोळीने डोकं थांबलं तर मला कसं कळणार तिचं काय चाललंय?"

औषधाच्या दुकानात उभी राहणारी मी, मला हे त्याने सांगावं लागलं. पण सांगितलं ते बरोबरच होतं. तो तिला बाहेर अंगणात घेऊन गेला. बर्फ थांबला होता. लॉजच्या दिव्याच्या उजेडात त्याने काठीने बर्फावर एक सरळ रेघ ओढली, दहा-बारा हात लांब, आणि तिला रेघेवरून चालायला सांगितलं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत. मेंदूला सूज येऊ लागली तर तोल आधी जातो. ती चालली, जाताना आणि येताना, पाय रेघेबाहेर गेला नाही. त्याने मोठा श्वास सोडला, मग म्हणाला, आता गोळी दे.

रात्री अंधारात तो पट्टा ओलांडून खाली नेण्यात धोका होता आणि तोल शाबूत होता, म्हणून रात्रभर तिथेच ठेवून नजर ठेवायची असं त्याने ठरवलं. तोल गेला असता तर त्याच क्षणी निघालो असतो, तशी त्याने दोन्ही पोर्टरांना पिशव्या बांधून ठेवायला लावली होती. दहा वाजता आणि एक वाजता त्याने दारावर टकटक करून तिला उठवलं, नाव विचारलं, बँकेच्या शाखेचं नाव विचारलं, बोट मशीनमध्ये घातलं. तीन वाजता आकडा ७८. डोकं तसंच.

"वर हुँदैन," दाइ म्हणाला.

ती रडली. आवाज न करता, मफलर तोंडाशी धरून. ४३० मीटर राहिले होते, दोन तासांची चाल. म्हणाली, मी पैसे भरलेत, मी माझ्या जबाबदारीवर येते, लिहून देते. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सांगितलं की बेस कॅम्प इथेच राहणार आहे, आणि थोरला पोर्टर तिच्याबरोबर खाली जाईल, तो या वाटेवर पंधरा वर्षं आहे. मी बरोबर जाते म्हणाले. ती म्हणाली, नको, तू जा, तू गेली नाहीस तर मला जास्त वाईट वाटेल. मी गेले. ते बरोबर केलं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच वेळी ऑफिसचा फोन. दाइने रात्री वायफायवरून त्यांना कळवलं होतं. ऑफिसातला माणूस म्हणाला, विमा आहे ना, हेलिकॉप्टर पाठवतो, मॅडमना त्रास कशाला. स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. दाइ म्हणाला, तोल नीट आहे, चालू शकते, उतरली की बरी होईल. समोरून पुन्हा आग्रह. दाइने फोन ठेवला. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत विम्याच्या पैशांसाठी गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावल्याची प्रकरणं उघड झाली होती, ते मी वाचलं होतं. आमच्या ऑफिसच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण पेशंटला न पाहता, आकडा न विचारता हेलिकॉप्टर सुचवणं मला पटलं नाही आणि तारे तिथे कापले गेले. ज्या माणसाचं पोट त्या ऑफिसवर चालतं, त्याने आमच्यासमोर त्यांना नाही म्हटलं, ते मी पाहिलं.

साडेतीनला लॉजच्या दारातून दोन दिवे खाली गेले आणि पाच वर गेले, आम्ही तिघी, दाइ आणि धाकटा. खाली जाणारे दिवे वळणावर दिसेनासे होईपर्यंत माई मागे वळून बघत होती.

वरचं वर्णन मला फारसं करता येणार नाही. साडेपाचच्या सुमारास पोहोचलो. चारी बाजूंनी भिंत आणि मध्ये आपण. अन्नपूर्णा पहिलं, ८,०९१ मीटर, त्याच्या टोकाला आधी तांबूस कड आली, मग ती खाली उतरत गेली, मग दक्षिण अन्नपूर्णेवर. दाइने दाखवलं की १९५० साली फ्रेंच माणसं ३ जूनला पलीकडच्या, उत्तरेच्या बाजूने चढली, आठ हजार मीटरवरचं माणसाने सर केलेलं ते पहिलं शिखर. समोर दिसते ती दक्षिणेची भिंत १९७० मध्ये चढली गेली. तिथे एका दगडावर अनातोली बुक्रेव्ह या गिर्यारोहकाची स्मृती आहे, १९९७ च्या नाताळात इथल्याच हिमस्खलनात तो गेला. माई त्या दगडापुढे हात जोडून उभी राहिली. नणंदेने मॅनेजरचा रुमाल आणला होता, तो तिने पाटीशी धरला आणि फोटो काढला.

आम्हाला चहा घेऊन अजून तासभर बसायचं होतं. सात वाजता दाइ म्हणाला, हुँदैन, ऊन खोऱ्यात उतरायच्या आत खालचा पट्टा ओलांडायचा आहे. उठलो. साडेनऊला देउराली, आणि दुपारी अडीचला डोभान.

डोभानच्या अंगणात मॅनेजर बाकावर बसली होती. पुढ्यात पितळी ताट, दुसऱ्यांदा वाढलेला भात. हिमालय नावाच्या मुक्कामापर्यंत उतरली तोवर डोकं पूर्ण थांबलं होतं. आकडा ९१. दाइने वही काढली आणि खाना या रकान्यात दुप्पट असं लिहिलं. ती आमच्याशी बोलली, त्याच्याशी नाही. झिनुपर्यंत बोलली नाही. झिनुला नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे तासभर गळ्यापर्यंत पाण्यात बसलो, सहा दिवसांची पोटरी सैल झाली. वर येताना तिने त्याला विचारलं, आकडा पंच्याऐंशी असता तर? तो म्हणाला, आकड्यावर नाही दिदी, तुम्ही सूप उलटलंत तेव्हाच ठरवलं होतं, रेघेवर चालवलं ते रात्री थांबायचं की नाही हे कळायला.

टिपचं लोक विचारतात. आम्ही दाइला आणि दोन्ही पोर्टरांना शेवटच्या संध्याकाळी हातात दिली, ऑफिसात नाही. भाड्याचे बूट परत करायचे होते. माईने दुकानदाराशी घासाघीस करून ते विकतच घेतले आणि मुलाच्या पायातच राहू दिले.

छोमरोंगच्या दिदीकडे डबा जसा दिला तसाच होता, वर फडकं बांधलेलं. येताना सहाव्या दिवशी दुपारी माईने तिच्या चुलीवर सुंगटं भाजून, कांदा आणि लिंबू घालून किसमूर केली. खोबरं नव्हतं. दिदीने आधी शेंडी मोडलेलं एक सुंगट चाखलं, मग बशीभर घेतली आणि उरलेला डबा मागून घेतला.

मॅनेजरने गेल्या रविवारी दाइला स्वतः फोन केला. त्याला परस्पर बुकिंग घेता येत नाही, कुठल्याही नोंदणीकृत एजन्सीतून या आणि माझं नाव सांगा, म्हणाला. दसैं, म्हणजे तिकडचा दसरा, झाल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी. या वेळी ती देउरालीला एक रात्र जास्त ठेवणार आहे, हे तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं की त्याने तिच्याकडून, यावर आमच्यात एकमत नाही. माझी आणि नणंदेची रजा अजून ठरलेली नाही. माईच्या अंगणात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, सुंगटं वाळताहेत. त्यातला एक डबा तिने आत्ताच बाजूला काढून ठेवला आहे, झाकणावर छोमरोंग लिहून.